पंढरपूर आणि केडगाव

धर्माच्या नावाने मदत करणारे लग्नाबाहेर आई झालेल्या बाईला आधी पापी ठरवतात, मग ताट वाढतात, असं म्हटलं जातं. बऱ्याचदा खरंही आहे. पण पंढरपूर विसरू नका. प्रार्थना समाज या धर्मसुधारकांच्या संस्थेतल्या लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये तिथे बालकाश्रम काढला. दिवस गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यायचं, मूल मागे ठेवता यायचं. (जोतीराव-सावित्रीबाईंचं पुण्यातलं बालहत्या प्रतिबंधक गृह त्याआधीचं, १८६३ चं.) मला खटकतं ते हे, की मूल वाचलं तरी आई रिकाम्या हातानेच घरी परतायची. याउलट ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बायकांना निवाऱ्यासोबत कामही दिलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायलासुद्धा बायकाच! तिथल्या बायकांच्या धर्मांतराचा वाद आहेच, तो मी नाकारत नाही.