सोलापूरवरचा मराठी ब्लॉग: लिंक टाकली की एक दिवस गर्दी, मग शुकशुकाट

हातमाग
ब्लॉगरवर मराठी ब्लॉग आहे. विषय सोलापूर: खाणं, गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा), चादरीचे माग, जुन्या पेठा. लेख टाकला की लिंक फेसबुकवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपांवर जाते. त्या दिवशी आकडा चढतो, दोन दिवसांत खाली येतो. गुगलवरून जवळजवळ कुणीच येत नाही, आणि आलेला माणूस दुसरा लेख उघडत नाही. शीर्षकं ‘आठवणीतलं सोलापूर, भाग ४’ अशा धर्तीची आहेत. जाहिरातीवर पैसे घालायचे नाहीत. शोधातून वाचक कसा आणायचा आणि आलेला टिकवायचा कसा?

नवी पेठ
दुखणं शीर्षकातच आहे. ‘भाग ४’ असं गुगलवर कुणी शोधत नाही. लोक शोधतात ‘शेंगा चटणी मिक्सरमध्ये कशी करायची’, ‘गड्डा यात्रा कधी आहे’. शीर्षकात आधी वस्तूचं नाव, मग नेमका प्रश्न. साधारण ५०-६० अक्षरांत बसवा, त्यापुढचं शोधाच्या पानावर कापलं जाण्याची शक्यता असते.

दुसरी गोष्ट ब्लॉगरची खास आहे आणि मराठी लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर ब्लॉगर लेखाच्या वेब-पत्त्यात त्यातलं काहीच घेत नाही. ‘blog-post’ आणि पुढे एखादा आकडा, असा आंधळा पत्ता तयार होतो. लेख प्रकाशित करण्याआधी उजव्या बाजूच्या पर्मालिंकमध्ये (लेखाचा कायमचा पत्ता) कस्टम निवडा आणि रोमन अक्षरांत तीन-चार शब्द द्या: solapur-shenga-chutney. वर्डप्रेसवर उलटा त्रास आहे. तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण एकेका अक्षराचे आणि मात्रेचे नऊ-नऊ चिन्हांचे तुकडे होतात. मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे विसाव्या-बाविसाव्या अक्षराला पत्ता तुटतो आणि व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची लांब माळ दिसते. तिथेही पत्ता रोमनमध्येच बरा.

मग सर्च कन्सोल, म्हणजे आपलं पान शोधात कसं दिसतंय ते सांगणारं गुगलचं साधन. ब्लॉग ज्या गूगल खात्यावर आहे त्याच खात्याने उघडा. साइटमॅपमध्ये (ब्लॉगच्या पानांची यादी) ‘sitemap.xml’ द्या. नवा लेख आला की वरच्या पट्टीत त्याचा पत्ता टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे शोधाच्या यादीत घेण्याची, विनंती करा. दोन-तीन महिने गेले की परफॉर्मन्स अहवालात ज्या शोधशब्दांवर तुमचं पान ८ ते २० या क्रमांकांवर दिसतंय पण क्लिक येत नाहीत, ते वेगळे काढा. त्या शब्दाचं नेमकं उत्तर लेखात आहे का ते बघा. नसेल तर त्याच लेखात एक उपशीर्षक आणि एक परिच्छेद वाढवा. नवा लेख लिहिण्यापेक्षा याचा फायदा जास्त.

ब्लॉगरच्या आकड्यांवर विसंबू नका, त्यात बॉट म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅमही मोजले जातात. स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय तिथेच आहे, ती आधी लावा.

कडक भाकरी
नवी पेठ यांनी सांगितलेलं सगळं करा, पण लेखात दम नसेल तर पहिल्या पानावर येऊनही माणूस लगेच मागे फिरतो. शेंगा चटणीचंच घ्या. ‘आमच्याकडची चटणी म्हणजे काय सांगू’ या तीन परिच्छेदांनंतर कृती आली तर कोण थांबेल? सुरुवातीलाच प्रमाण द्या: दोन वाट्या भाजून सोललेल्या शेंगदाण्यांना दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं, मीठ. लगेच पुढे जिथे चुकतं ते सांगा. मिक्सर सलग फिरवला तर भांडं तापतं, दाण्यातलं तेल भराभर सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. दाणे पूर्ण गार होऊ द्यायचे, बटण दोन-दोन सेकंद दाबून सोडायचं, मध्ये चमच्याने तळ मोकळा करायचा. उखळात तेल हळूहळू सुटतं, म्हणून तिथे ती खमंग आणि भरड राहते. हे ‘का’ लिहिलंत की लोक पान जपून ठेवतात.

दुसरं, हंगाम. सोलापूरचं वर्ष ठरलेलं आहे आणि तुमचे वाचक त्यावरच येतील. हुरडा थंडीत, गड्डा जानेवारीत, आषाढीला पंढरपूरची वाट. गड्ड्याचा लेख १० जानेवारीला टाकून उपयोग नाही, नव्या ब्लॉगचं पान गुगलवर स्थिरावायला आठवडे जातात. ऑक्टोबरअखेर टाका. पत्त्यात वर्ष घालू नका. तेच पान दरवर्षी ताजं करा: तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमविधी आणि शोभेचं दारूकाम कोणत्या तारखेला, नंदीध्वजांची मिरवणूक कोणत्या रस्त्याने, होम मैदानाजवळ गाडी कुठे लावायची. दरवर्षी नवं पान केलंत तर आपलीच पानं एकमेकांच्या आड येतात आणि वाचक जुन्या तारखेवर जाऊन पडतो.

त्याच आठवड्यात १२ जानेवारी येते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना १९३१ मध्ये त्या दिवशी फाशी झाली. शाळेतल्या भाषणासाठी मुलं आणि शिक्षक हे शोधतात. १९३० चा सोलापुरातला मार्शल लॉ (लष्करी अंमल), चौघांची नीट लिहिलेली नावं, घटनाक्रम, आणि शेवटी मोठ्याने वाचता येईल असं दोन मिनिटांचं भाषण. नावांत एक अक्षरही चुकू देऊ नका, मुलं ते जसंच्या तसं उतरवतात.

रोज लेख टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पंधरा दिवसांत एक पुरे, पण पुरता.

भुईकोट
टिकवण्याबद्दल. ग्रुपवर टाकलेली लिंक दुपारपर्यंत सुप्रभातच्या चित्रांखाली गाडली जाते. व्हॉट्सॲप चॅनेल काढा. चॅनेलवर वाचकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, त्यामुळे बायकाही निर्धास्त जोडल्या जातात. ब्रॉडकास्ट यादीची (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) कटकट अशी की एका यादीत २५६ जण, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच निरोप पोचतो. चॅनेलची लिंक लेखाच्या शेवटी द्या, वर नको. अजून काही वाचलंच नाही तो कशाला जोडला जाईल?

तिथेच दोन लेखांच्या लिंक हाताने द्या, तीन फार झाल्या. चटणीखाली कडक भाकरी आणि हुरडा. आपोआप येणारी ‘लोकप्रिय लेख’ची पट्टी मोबाईलवर पार तळाला जाते.

फोटो मोबाईलवरून थेट चढवू नका, एकेक तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेल आणि वजन २०० केबीच्या आत आणा. पहिला फोटो आडवा ठेवा, लिंक पाठवली की सहसा तोच दिसतो.

आणि फेसबुकवर अख्खा लेख चिकटवू नका. तिथेच वाचून झाल्यावर ब्लॉगवर कोण येणार? एक पुरा परिच्छेद आणि पहिल्या प्रतिक्रियेत लिंक.

हातमाग
आभार. जुन्या लेखांचे पत्ते आता बदलू का? काहींच्या लिंक बऱ्याच ठिकाणी गेल्या आहेत.

नवी पेठ
सरसकट नको. आंधळा पत्ता असला तरी शीर्षक आणि मजकूर नीट असेल तर पान शोधात येतं. शीर्षकं मात्र सगळी बदला, त्याने पत्ता बदलत नाही. एखाद्या लेखाचा पत्ता बदलायचाच असेल तर तो आधी ड्राफ्टमध्ये परत घ्यावा लागतो, प्रकाशित असताना पर्मालिंक उघडत नाही. नवा पत्ता देऊन प्रकाशित करा आणि लगेच सेटिंग्जमधल्या ‘एरर्स अँड रिडायरेक्ट्स’मध्ये कस्टम रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्यावर जातो. जुना पत्ता तिरप्या रेघेपासून पुढचाच टाकायचा, आधीचं ब्लॉगचं नाव नाही. ‘पर्मनंट’ चालू करायला विसरू नका. मग जुनी लिंक मोबाईलच्या इन्कॉग्निटोत (ब्राउझरची खाजगी खिडकी) उघडून बघा. आधी एकाच लेखावर करा, चाललं की पुढचे.