मदत हवी आहे: संचालकांची मीटिंग वेळेत कशी संपवायची? (तासगाव)

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत दीड वर्षापासून सीईओ आहे. पदाचं नाव मोठं, काम बॉक्स मोजण्यापासून जीएसटी भरण्यापर्यंत सगळं. दहा संचालक, सगळे बेदाणावाले, माझ्या वडिलांच्या वयाचे. माणसं सोन्यासारखी, पण मीटिंग म्हटली की माझ्या पोटात गोळा येतो.

गेल्या महिन्यातली सांगते. वेळ अकराची. साडेअकराला तिघं, बाराला कसाबसा कोरम. मग चहा, पाऊस, उसाचं बिल, कुणाच्या तरी पोरीचं जमलेलं लग्न. साडेबाराला ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. तिथंच गाडी अडली. तात्या म्हणाले, “स्टोरेजचं भाडं कंपनी देणार असं ठरलंच नव्हतं.” मी वही दाखवली. “तू लिहिलंस गं पोरी, पण आम्ही कुठं तसं म्हणालो?” पुढं ऑफिसच्या बोर्डाचा रंग. हिरवा की निळा, यावर चाळीस मिनिटं! रंगावर काय, सगळ्यांनाच बोलता येतं.

खरा विषय चौथा होता: कोल्ड स्टोरेजला पडलेले बेदाण्याचे 1,200 बॉक्स आता सौद्याला (लिलावाला) काढायचे की दिवाळीपर्यंत थांबायचं. पंधरा किलोचा बॉक्स, म्हणजे 18 टन माल. त्याला हात घातला आणि एका संचालकांचा फोन वाजला, “लाईट आली.” चौघं मोटर चालू करायला उठले. उरलेले म्हणाले, पुढच्या मीटिंगला बघू. भाडं चढतंय ते चढतंयच.

थोरामोठ्यांना “विषयावर या” असं मी पगारी बाईनं कसं म्हणायचं? आणि बोललेलं एक, लिहिलेलं एक, हा घोळ कसा मिटवायचा?

कागदोपत्री:
आधी ते ‘पगारी बाई’ डोक्यातून काढा. उत्पादक कंपन्यांचं प्रकरण 2020 च्या दुरुस्तीनं 2013 च्या कंपनी कायद्यात आलं. त्यात सीईओ पदसिद्ध संचालक असतो. संचालक मंडळाच्या मीटिंगची नोटीस किमान सात दिवस आधी काढणं त्याचंच काम. दर तीन महिन्यांत एक तरी मीटिंग हवी, आणि कोरम एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, पण तिघांपेक्षा कमी नाही. म्हणजे तुमच्याकडं चौघं आले की सुरू करा, दहाव्याची वाट बघू नका.

विषयपत्रिकेत नुसतं ‘बेदाणा साठ्याबाबत चर्चा’ लिहिलंत तर चर्चाच होणार. ‘600 बॉक्स या महिन्यात सौद्याला काढावेत काय?’ असं लिहा. सोबत एका पानावर गेल्या चार सौद्यांचे भाव आणि महिन्याचं भाडं. हा विषय पहिला, बोर्डाचा रंग शेवटी.

माजी सचिव:
गावच्या विकास सोसायटीत आयुष्य गेलं माझं. इतिवृत्त घरी जाऊन लिहू नका. विषय संपला की तिथंच ठराव मोठ्यानं वाचा, सूचक कोण, अनुमोदक कोण विचारा, नावं घाला, मगच पुढचा विषय. तात्यांचं नाव सूचक म्हणून पडलं की तात्या पुढच्या वेळी गप्प.

आणि थांबवायचं काम खुर्चीचं आहे, तुमचं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी जा, चहा घ्या, कुठल्या विषयाला किती वेळ ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. आयत्या वेळचे विषय आदल्या दिवशी लेखी आले तरच घ्यायचे, हेही त्यांच्याच तोंडून येऊ दे.

हळदवाला:
सांगलीच्या यार्डात हळदीच्या ढिगाचा सौदा बघता बघता तुटतो, कारण माल समोर असतो. स्टोरेजमधून एक बॉक्स आणून टेबलावर फोडा. रंग उतरायला लागला असेल तर भाषणाची गरज नाही.

एक मात्र, गप्पा बंद करू नका ताई. कुणाच्या शेडवर किती माल पडून आहे ते तिथंच कळतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल अध्यक्षांच्या घरी जाऊन आले. त्यांनी काढलेली पहिली वही लाईटच्या वेळापत्रकाची! पुढच्या आठवड्यात मोटरची थ्री फेज लाईट रात्रीची आहे, म्हणून त्या आठवड्यातला गुरुवार धरलाय. साडेदहाला चहा, अकराला विषय क्रमांक एक. नोटीस आजच सगळ्यांच्या घरी पोच केली, सह्या घेतल्या. तात्यांनी सही करताना विचारलं, “बोर्डाचा रंग कितव्या नंबरला हाय?”