मेयरकडे पैसा येतोय, मग परवडणारं घर कुठे अडतंय?

नमस्कार मंडळी,

हा कार्यक्रमाचा मेल नाहीये, पण आपल्यातले बरेच जण ग्रेटर मँचेस्टरमध्ये भाड्याने राहतात म्हणून इथेच विचारते. डिव्होल्यूशनबद्दल सारखं कानावर येतंय, लंडनच्या केंद्र सरकारचे अधिकार स्थानिक पातळीवर येणार, मेयरच्या हातात पैसा येणार, जुनी टाउन सेंटर्स पुन्हा उभी राहणार आणि परवडणारी घरं होणार. यातलं पहिलं सगळं कळतं, शेवटचं कसं होणार ते कळत नाही. मँचेस्टर आणि सॅल्फर्डच्या मध्यभागी गेल्या दहा वर्षांत इतके टॉवर झाले तरी भाडी चढतच गेली, मग आता वेगळं काय होणार? काका, तुम्ही हाउसिंग असोसिएशनमध्ये इतकी वर्षं काढलीत, जरा नीट सांगाल का?

---

अगं, नेमक्या जागी बोट ठेवलंस. मेल लांबला तर सांभाळून घ्या सगळ्यांनी.

मेयरकडे पैसा येतो म्हणजे कुठल्या प्रकारचा येतो ते आधी बघायचं, कारण सगळं तिथेच ठरतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये जॉर्ज ऑस्बोर्न चॅन्सेलर, म्हणजे अर्थमंत्री, असताना ग्रेटर मँचेस्टरच्या दहा कौन्सिल्सबरोबर, म्हणजे स्थानिक पालिकांबरोबर, जो करार झाला त्यात घरांसाठी ३० कोटी पाउंडांचा फंड होता. पण तो कर्जाचा. बिल्डरने घ्यायचे, इमारत झाली की व्याजासकट परत करायचे, मग तेच पैसे पुढच्याला. आता असं कर्ज फेडू कोण शकतो? ज्याचे फ्लॅट चांगल्या भावाने विकले जातात किंवा भाड्याने जातात तो. सोशल रेंटचं, म्हणजे कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या स्वस्त घरांचं, भाडं बऱ्याच ठिकाणी बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास असतं, त्या भाड्यातून बांधकामाचा पूर्ण खर्च कधीच निघत नाही, तिथे ग्रँटच लागते, म्हणजे परत न मागायचा पैसा. त्यामुळे तू म्हणतेस त्या टॉवरपैकी काहींना या फंडाचं कर्ज मिळालं आणि सोशल रेंटची घरं जिथल्या तिथे राहिली. फंड वाईट होता असं मी म्हणत नाही, २००८ नंतर बँकांनी हात आखडता घेतला होता त्यामुळे बंद पडलेली बांधकामं यातून सुरू झाली. पण या फंडातून सामान्य पगाराच्या माणसाला घर मिळणार नाही हे लोकांना तेव्हाच स्पष्ट सांगायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

ग्रँटचा पैसा पुढे आला. मार्च २०२३ च्या डिव्होल्यूशनच्या पुढच्या, ट्रेलब्लेझर नावाच्या करारात ब्राउनफील्ड, म्हणजे आधी वापरून पडीक झालेल्या जमिनींसाठी १५ कोटी पाउंड मिळाले. जुन्या गिरण्या, गॅसवर्क्स, रेल्वेची यार्डं अशा या जमिनी, शंभर दीडशे वर्षांचं डांबर आणि रसायनं मातीत मुरलेली, ती काढण्यातच इतका खर्च होतो की रॉचडेल किंवा बरीसारख्या ठिकाणी घर विकून बांधकामाचा खर्चसुद्धा निघत नाही. म्हणून जागा वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, आजूबाजूची दुकानं बंद होतात, मग भाव आणखी पडतो. ही मधली तूट ग्रँटने भरली की काम सुरू होतं. रिजनरेशन, म्हणजे जुन्या भागांचं पुनरुज्जीवन म्हणतात त्याचं निम्मं काम हे असं जमिनीखालचंच असतं, फोटोत दिसत नाही.

एप्रिल २०२५ पासून ग्रेटर मँचेस्टर आणि वेस्ट मिडलंड्सला इंटिग्रेटेड सेटलमेंट, म्हणजे एकत्रित निधी, मिळतं आणि माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा बदल आहे. आधी प्रत्येक गोष्टीची वेगळी थैली, प्रत्येकीसाठी वेगळा अर्ज, २०२१ च्या लेव्हलिंग अप फंडाच्या, म्हणजे मागे पडलेल्या भागांसाठीच्या निधीच्या वेळी तर कौन्सिल्स एकमेकांशी स्पर्धा करत होत्या, सल्लागारांना पैसे देऊन अर्ज लिहून घ्यायच्या आणि बऱ्याचशा रिकाम्या हाताने परत यायच्या. आता घरं, वाहतूक, स्किल्स, घरांचं इन्सुलेशन असे बरेच विषय एका रकमेत येतात आणि काही मर्यादेत पैसे इकडचे तिकडे करता येतात. बस स्टेशन आणि त्याच्या शेजारची घरं यांचा विचार एकत्र होऊ शकतो. स्टॉकपोर्टमध्ये हे आधीच दिसलंय, तिथे २०१९ मध्ये मेयोरल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे एका भागाच्या विकासासाठी मेयरची खास संस्था, स्थापन झालं, २०२४ मध्ये नवीन बस इंटरचेंज उघडलं, त्याच्या छतावर दोन एकरांचा पार्क आहे आणि शेजारी १९६ फ्लॅट. एका संस्थेकडे जमीन, प्लॅनिंग आणि पैसा असेल तर कामं लवकर होतात.

राहिला बिझनेस रेट्सचा, म्हणजे दुकानं-ऑफिसांच्या जागांवरच्या कराचा पैसा. साधारणपणे स्थानिक पातळीवर निम्मे राहतात, इथे दहा वर्षांसाठी १०० टक्के ठेवायला परवानगी आहे, आणि इतकी वर्षं पैसा येणार याची खात्री असली की त्यावर कर्ज काढून मोठं काम हाती घेता येतं. लंडनमध्ये ट्यूबची नॉर्दर्न लाइन बॅटर्सीपर्यंत नेली ती साधारण अशीच, त्या भागातल्या बिझनेस रेट्सची पुढची वाढ गृहीत धरून आणि बिल्डरांकडून वर्गणी घेऊन, आणि २०२१ मध्ये ती सुरूही झाली. पण त्याच बॅटर्सी पॉवर स्टेशनच्या प्रकल्पात ६३६ अफोर्डेबल घरं होणार होती, २०१७ मध्ये खर्च वाढल्याचं कारण देऊन तो आकडा ३८६ वर आणला आणि कौन्सिलने ते मंजूर केलं. ट्यूब आली, जमिनीची किंमत वाढली, आणि घरं मात्र कमी झाली! म्हणून मी हे परत परत सांगत असतो की पैसा कितीही खाली आला तरी घरांची अट आधी, जमीन देताना, पैसे देताना लिहून घेतली नाही तर शेवटी कात्री त्यांनाच लागते.

अजून एक, अफोर्डेबल रेंट म्हणजे २०११ पासून बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत. नर्स किंवा केअररच्या पगारात ते बसत नाही. आकडा ऐकलात की आधी विचारा, यातली सोशल रेंटची किती?

---

काका, छान समजावलंत, पण मी ओल्डहॅममध्ये राहतो म्हणून मला दोन शंका आहेत. आमच्या कौन्सिलने २०२० मध्ये स्पिंडल्स शॉपिंग सेंटर विकत घेतलं, टाउन सेंटरमध्ये २,००० घरांची योजना आहे, हे सगळं चांगलंच आहे. पण बिझनेस रेट्स वाढणार कुठे? मँचेस्टरच्या मध्यभागी, विमानतळाजवळ, ट्रॅफर्डमध्ये. आमच्याकडे दुकानांना कुलपं आहेत, १०० टक्के ठेवा म्हटलं तरी शंभर टक्के कशाचे? आणि दुसरं, कौन्सिलने घर बांधलं तरी काही वर्षांनी राइट टू बायमध्ये भाडेकरूलाच सवलतीत विकलं जातं, मग तेच घर खाजगी भाड्याने बाजारात, आमच्या रस्त्यावर हेच झालंय. मग बांधून उपयोग काय?

---

दादा, दोन्ही शंका खऱ्या आहेत.

पहिलीला उत्तर हेच की वाढ जिथे होते तिथेच पैसा ठेवायचा नाही. दहा कौन्सिल्सची कंबाइंड अथॉरिटी २०११ पासून आहे ती याचसाठी, मँचेस्टरच्या मध्यभागी आलेल्या वाढीतला वाटा ओल्डहॅम आणि रॉचडेलच्या जमिनी साफ करायला गेला पाहिजे आणि कर्जाचा फंडही मध्यभागी व्याज कमावून ती कमाई कडेच्या टाउन्समध्ये ग्रँट म्हणून देऊ शकतो. तसं होतंय की नाही ते दरवर्षी तपासायला हवं कारण प्रत्येक कौन्सिल लीडर आधी आपल्या गावाचं बघणार, तो त्याचा धर्मच आहे. आणि फक्त स्थानिक करावर सगळं टाकलं तर गरीब भाग गरीबच राहतील, म्हणून लंडनची ग्रँट बंद होता कामा नये. जून २०२५ मध्ये सरकारने दहा वर्षांसाठी ३,९०० कोटी पाउंडांचा परवडणाऱ्या घरांचा कार्यक्रम जाहीर केला, त्यातली किमान ६० टक्के घरं सोशल रेंटची असावीत असं लक्ष्य आहे. हा पैसा कुठे जावा यात मेयरचा शब्द चालला तर पहिला प्रश्न विचारणाऱ्या ताईला आणि तुला दोघांनाही फरक दिसेल. अँडी बर्नम यांनी २०२४ च्या मेयरच्या निवडणुकीत २०२८ पर्यंत १०,००० नवीन कौन्सिल घरांचं वचन दिलं होतं, ते अशा ग्रँटशिवाय पुरं होणं मला तरी अशक्य वाटतं.

राइट टू बायचं म्हणशील तर १९८० पासून हीच गळती चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सवलत बरीच खाली आणली, लंडनबाहेर ती १ लाख पाउंडांच्या वर जायची, आता भागानुसार १६,००० ते ३८,००० पाउंडांपर्यंतच, आणि विक्रीचे सगळे पैसे आता कौन्सिलकडे राहतात. त्यामुळे बांधलेलं घर टिकण्याची शक्यता वाढलीये. मला विचारशील तर नव्या घरांना हे लागूच नसावं, आणि हा निर्णय मेयर आणि कौन्सिलकडे असावा. खरं डिव्होल्यूशन तिथे दिसेल.

आता आपण काय करू शकतो ते. मँचेस्टर कौन्सिलची पॉलिसी २० टक्के अफोर्डेबल घरांची आहे, पण बिल्डर व्हायेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे प्रकल्प परवडतो का याचा हिशेब, देऊन ते जमत नाही म्हणून दाखवू शकतो. राष्ट्रीय गाइडन्समध्ये बिल्डरचा नफा विक्रीमूल्याच्या १५ ते २० टक्के धरायला परवानगी आहे, तेव्हा आधी तो आकडा बघायचा, मग जमिनीची किंमत किती धरलीय ते. हे रिपोर्ट बहुतेक वेळा कौन्सिलच्या प्लॅनिंग साइटवर असतात, हरकत घ्यायला मुदत मात्र कमी असते. ज्यांच्या भागात मोठा अर्ज आलाय त्यांनी त्याचा नंबर या लिस्टवर टाका. आपल्यात दोन अकाउंटंट आणि एक सर्व्हेयर आहेत, पानं वाटून घेतली तर आठवड्यात वाचून होईल आणि मुदतीच्या आत कौन्सिलला लिहिता येईल.