गॅरी मॉर्टन म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा? मला अजिबात मान्य नाही

जुनाटीव्ही
परवा इथे कुणीतरी अमेरिकन टीव्हीवरची गाजलेली विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल हिच्या दुसऱ्या नवऱ्याला, गॅरी मॉर्टनला, 'आयत्या बिळावरचा नागोबा' म्हटलं. स्वतःचे विनोद चालेनात म्हणून बायकोच्या कंपनीत निर्माता होऊन बसला आणि तिची शेवटची मालिका बुडवली, असा एकूण सूर. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गॅरी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा. कॅट्स्किल्स या डोंगराळ सुट्टीच्या भागातल्या हॉटेलांत स्टँड-अप करून पोट भरायचा. जेवून सुस्तावलेल्या लोकांना एकट्याने उभं राहून हसवायचं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. १९६० मध्ये ल्युसी ब्रॉडवेच्या रंगभूमीवर काम करायला न्यूयॉर्कला आली, तेव्हा दोघांची ओळख झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये लग्न. ती त्याच्याहून १३ वर्षांनी मोठी, शिवाय देशभर घराघरांत पोचलेली.

तिच्या मालिकांचं चित्रीकरण प्रेक्षकांसमोर व्हायचं. कॅमेरे सुरू होण्याआधी गॅरी समोर जाऊन लोकांना हसवून रंगात आणायचा. सेट बदलताना पाच मिनिटं गेली तरी खुर्च्यांत बसलेली माणसं थंड पडतात, आणि मग पुढचा चांगला विनोदही वाया जातो. तो खड्डा भरायला जातिवंत विनोदवीरच लागतो.

१९६८ मध्ये ल्युसीने नवी कंपनी काढली. त्या कंपनीच्या 'हिअर्स ल्युसी'चा गॅरी कार्यकारी निर्माता. सहा वर्षं, १४४ भाग. बुडवणारा माणूस इतकी वर्षं टिकतो का?

तीनकॅमेरे
टिकली ती ल्युसीमुळे. तिच्या नावावर भिंतीनेही मालिका काढली असती.

निर्माता म्हणजे काय ते तिच्या पहिल्या नवऱ्याकडे, डेसी आर्नाझकडे बघा. दोघांची 'आय लव्ह ल्युसी' ही मालिका १९५१ ची. तेव्हा बहुतेक विनोदी कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवायचे. डेसी-ल्युसीने हॉलीवूडला राहून, प्रेक्षकांसमोर, एकाहून जास्त कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रीकरण करायचा हट्ट धरला, त्यासाठी मानधन कमी घेतलं आणि भागांची मालकी स्वतःकडे ठेवली. रिपीट दाखवून पैसा करण्याचा धंदा तिथून वाढला. त्या पैशावर १९५७ मध्ये आरकेओ या जुन्या सिनेमा कंपनीचा स्टुडिओ घेतला! यातलं गॅरीने काय केलं? डेसीने बांधलेल्या घरात राहायला आला, एवढंच.

रातराणी
'राहायला आला' यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या आईचं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र होतं. बाबांची कंपनी बंद पडली आणि ते तिथेच लागले. पहाटे चारला कणीक मोजायची, गॅस बघायचा, दहा-दहा पोळ्यांची चवड करून भिंतीवर खडूने रेघ मारायची. संध्याकाळी रेघा आणि गल्ला जुळला नाही तर जेवत नसत. सोसायटीत त्यांना 'वहिनींचा पोऱ्या' म्हणायचे, माझ्यादेखत. आईच्या हाताची चव सगळ्यांना आठवते. त्या रेघा कुणाच्या लक्षात आहेत?

सरळसोट
रातराणीताई, तुमचे बाबा सज्जन असतील. पण दुसरी बाजूही असते. माझ्या मावशीचं पार्लर उत्तम चालायचं. काकांनी नोकरी सोडली आणि गल्ल्यावर येऊन बसले. कामाला असलेल्या मुलींवर ओरडायचे, गिऱ्हाइकांशी वाद घालायचे. पाच वर्षांत शटर खाली. कष्ट बायकोचे आणि सही नवऱ्याची, हे आपल्याकडे गल्लोगल्ली आहे.

रातराणी
आमच्याकडे सही आईचीच होती. शेवटपर्यंत. बाबांबद्दल 'असतील' म्हणू नका, मी बघितलंय.

सरळसोट
मी तुमच्या बाबांना काही बोललेलो नाही. तुम्ही ओढवून घेताय.

तीनकॅमेरे
पोळ्या आणि पार्लर बाजूला ठेवून मूळ विषयावर या हो कुणीतरी.

रातराणी
विषय हाच आहे. बायकोच्या धंद्यात नवऱ्याने काम केलं की तो फुकटा, आणि नवऱ्याच्या धंद्यात बायको राबली की ते तिचं कर्तव्य. गॅरीच्या जागी बाई असती तर 'नागोबा' म्हटलं असतं का?

एडिसनकर
मी इथे न्यू जर्सीत नवीन आले तेव्हा दुपारी ल्युसीचे रिपीट बघायचे. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण तिचा चेहरा कळायचा. म्हणून १९८६ ची तिची शेवटची मालिका 'लाइफ विथ ल्युसी' मला बघवत नाही. पंचाहत्तरीची बाई, आणि तीच तिशी-चाळिशीतली धडपड. तेरा भाग केले, आठ दाखवले आणि बंद. तिच्या जिवाला ते फार लागलं. एप्रिल १९८९ मध्ये ती गेलीच.

माझा राग वेगळा आहे. 'आता पुरे' हे तिला घरातल्या माणसानेच सांगायला हवं होतं. पण निर्माता तोच, नवराही तोच. सांगणार कोण?

जुनाटीव्ही
एडिसनकर, हा मुद्दा मला टोचला. खरं आहे. १९८६ चं मी मान्य करतो. पण त्या मालिकेत ॲरन स्पेलिंगसारखा मुरलेला निर्माता भागीदार होता, लेखक तिचे जुने, वाहिनी एबीसी. एवढ्या जाणत्यांतून बोट फक्त नवऱ्याकडे का? आणि तिच्याच कंपनीतून १९८३ मध्ये टॉम क्रूझचा 'ऑल द राइट मूव्ह्ज' आला, त्याचा कार्यकारी निर्माता गॅरीच. त्यात ल्युसी पडद्यावर नव्हती.

तीनकॅमेरे
क्रूझच्या सिनेमाचं माहीत नव्हतं. ठीक, 'घरात राहायला आला' मागे घेतो. डेसीच्या पंक्तीत मात्र बसवू देणार नाही. १९६२ मध्ये दोघांच्या कंपनीतला डेसीचा हिस्सा विकत घेऊन ल्युसीने स्वतः स्टुडिओ चालवला आणि १९६७ मध्ये १ कोटी ७० लाख डॉलरला विकला. त्या सौद्याचं श्रेयही तिचंच, गॅरीचं नव्हे.

जुनाटीव्ही
ते मी कधी नाकारलं? मालकीण तीच होती. म्हणून तर म्हणतो, तिने त्याला खुर्चीत बसवलं ते डोळे उघडे ठेवून.

सरळसोट
काल रात्री मावशीला फोन केला. म्हणाली, "गल्ल्यावर मीच बसवलं रे त्यांना. मुली ओळखीच्यांना फुकट सोडायच्या, मला बोलता यायचं नाही." हे मला माहीत नव्हतं. काका ओरडायचे ते मी ऐकलंय, त्यामुळे बाकी म्हणणं कायम. रातराणीताई, 'असतील' हा शब्द तेवढा मागे घेतो.