‘सेटल्ड’ शेरा पुसता येतो

या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय की सेटलमेंट झालं, म्हणजे बँकेशी ठरवून थकबाकीपेक्षा कमी पैसे भरले, की कर्ज मिटलं, आता जुन्या गाडीला फायनान्स मिळायला अडचण नाही. तसं होत नाही भाऊ. माझं इतवारीतलं दुकान बुडालं तेव्हा मीही पर्सनल लोन सेटल केलं होतं. दोन वर्षांनी मुलीच्या कॉलेजसाठी, वर्धा रोडला रोज सोडायचं म्हणून, जुनी वॅगनआर बघितली. फायनान्सवाल्याने माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीची नोंद, उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ नव्हतं, ‘सेटल्ड’ होतं. फाईल तिथंच थांबली.

मग बँकेने सोडलेले बेचाळीस हजार मी तीन हप्त्यांत भरले आणि काही बाकी नसल्याचं नो ड्यूज सर्टिफिकेट लेखी घेतलं. तरी शेरा बदलेना. तेव्हा बँक आणि हा रिपोर्ट बनवणारी कंपनी सिबिल, दोघांकडे तक्रार टाकली, पोच जपून ठेवली. हे इथं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो: अशी तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्ण रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका.

आणि गाडी पसंत पडली तरी आरसीवर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.