मंद्र धैवतावर आवाज फुगतो, बाकी सगळा डब्यात गायल्यासारखा. माइक बदलू का?

मुलतानी

मंडळी, घरी अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करते. शास्त्रीय शिकलेय, काळी चारमध्ये गाते. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली, रूळ फार लांब नाहीत. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० माइक, तो लॅपटॉपला जोडणारा फोकसराइट स्कार्लेट सोलो इंटरफेस, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. माइक भिंतीला लागून असलेल्या टेबलावर, छोट्या स्टँडवर. मी खुर्चीत, तोंड भिंतीकडे. माइकच्या मागे भिंतीवर ऑनलाइन मागवलेले फोमचे चौकोन चिकटवलेत.

मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरले की धैवताशी आवाज अचानक फुगतो, पंचमावर गेले की पुन्हा जागेवर. वरचा, तार षड्ज लावला की स्कार्लेटचा लाल दिवा, म्हणजे आवाज फाटतो. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) कमी करावा तर हळुवार जागा पंख्याच्या घरघरीत बुडतात. दुकानदार २० हजारांच्या वरचा माइक घ्या म्हणतोय. घेऊ का? आणि सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर अभंगाला लावतात का हो?

निवृत्त रेकॉर्डिस्ट

ताई, पैसे खिशात ठेवा. माइक बरा आहे. खोलीत जे होतंय तेच तो सांगतोय, आणि महागडा माइक तेच अधिक स्पष्ट सांगेल.

धैवताचं आधी बघू, कारण तुम्ही कानाने जे पकडलंय ते गणितात तंतोतंत बसतं. काळी चारचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झ. त्याखालचा मंद्र धैवत शुद्ध धरला तर १७३, कोमल धरला तर १६६. आता खोली. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एवढ्या अंतरावरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाट अडकते ती ५६ हर्ट्झला, आणि मग पटीत: ११२, १६९, २२५. १६९ तुमच्या दोन धैवतांच्या बरोबर मध्ये आहे. त्यात खोली चौरस, म्हणजे लांबी आणि रुंदी दोघी एकाच सुरावर जोर लावणार. (२२५ रिषभाजवळ येतो. जुनं रेकॉर्डिंग लावून ऐका, तिथेही थोडं जाणवेल.) हे फुगणं सगळ्यात जास्त असतं भिंतीलगत, आणि तिथेच तुम्ही माइक ठेवलाय.

तेव्हा टेबल सोडा. उभा स्टँड घ्या आणि माइक भिंतीपासून निदान तीन फूट बाहेर आणा. मग धैवत धरून ठेवा, घरातल्या कोणाला तरी माइक फूट-फूट सरकवायला सांगा आणि रेकॉर्ड झालेलं ऐका. जिथे फुगवटा सगळ्यात कमी, तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावून खूण करा. ही जागा पुस्तकात सापडत नाही, ती कानानेच शोधायची.

डब्याचा आवाज बहुतेक टेबलाचाच. तुमचा आवाज माइकमध्ये एकदा थेट जातो आणि क्षणभराने टेबलावर आपटून पुन्हा जातो. दोन्ही मिसळले की काही सूर एकमेकांना मारतात. टेबल गेलं की अर्धी तक्रार जाईल.

आता दिशा. हे फार थोडे लोक करतात म्हणून लांबण लावतो. हा कार्डिऑइड माइक आहे. त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, समोरचं सगळ्यात जास्त. आणि समोर तुम्ही एकट्या नसता, तुमच्या पाठीमागची भिंतही असते. तुम्ही फोम लावलात माइकच्या मागे आणि पाठीमागची भिंत सोडलीत उघडी. उलट करा. कपड्यांचं भरलेलं कपाट असेल तर दारं सताड उघडून त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहा. नसेल तर पाठीमागे जाड गोधडी टांगा, भिंतीला चिकटवून नाही, वीतभर पुढे. जुन्या नऊवारींची थरावर थर शिवलेली गोधडी मिळाली तर बाजारातला पातळ फोम तिच्यापुढे काहीच नाही. तो फोम वरवरची चकाकी शोषतो, खालचं फुगणं तसंच राहतं. माइकची पाठ खिडकीकडे करा आणि खिडकीला जाड पडदा लावा, काच आवाज परत फेकते.

पंखा बंद. याला पर्याय नाही. मे महिन्यात खोली एसीने गार करून घ्या, बंद करा, एक अंतरा गा, पुन्हा लावा. पंखा चालू ठेवून नंतर सॉफ्टवेअरने घरघर काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, मला तो पहिल्या ओळीत कळतो.

लाल दिवा: गेन 'हॅलो हॅलो' म्हणून लावू नका. गाण्यातली सगळ्यात चढी जागा पूर्ण ताकदीने गा आणि ती रीपरमध्ये उणे १० डेसिबलच्या आसपास येईल (शून्याला आवाज फाटतो) असा गेन ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिटचं असेल तर हळू जागा छोट्या दिसल्या तरी बिघडत नाही, नंतर वाढवता येतात. तोंड माइकपासून वीतभर, तारात जाताना आणखी अर्धी वीत मागे. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो, म्हणजे तुमची मान हाच तुमचा पहिला कॉम्प्रेसर, आवाजातला चढउतार आवरणारा. पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) लावा आणि माइक तोंडासमोर न ठेवता थोडा तिरका ठेवा. अभंगात पंढरी, पांडुरंग, भक्ती पावलोपावली येतात. प आणि भ माइकवर धडकतात.

सूर दुरुस्तीचं विचारलंत. आपोआप चालू ठेवू नका. ते यंत्र पेटीच्या बारा सुरांत खेचतं. तंबोऱ्यावर लागलेला शुद्ध गांधार त्याच्या हिशेबाने १४ सेंट (पेटीच्या शेजारच्या दोन सुरांत १०० सेंट) उतरलेला असतो, म्हणून ते तो चढवणार. मींड तर पायऱ्या पायऱ्यांची करून टाकतं. एखादा सूर निसटलाच तर ती ओळ पुन्हा गा.

केबलवाला

काकांशी बाकी सहमत, पण रुळाजवळच्या घरात एटी२०२०सारखा कंडेन्सर, बारीकसारीक सगळं पकडणारा माइक कशाला? शुअर एसएम५८ घ्या, डायनॅमिक आहे, आजूबाजूचं कमी घेतो.

अजून एक. पंखा बंद करूनही बारीक गुणगुण राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. दोन पिनांचा चार्जर किंवा अर्थिंग नसलेला बोर्ड असेल तर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली गुणगुण येते.

निवृत्त रेकॉर्डिस्ट

चार्जरचं अगदी बरोबर. ५८चं अर्धंच पटतं. त्याच्यात जादू नाही, आपण तो ओठांना टेकवून गातो म्हणून बाकीचं लहान वाटतं. इतकं जवळ गेलं की खालचे सूर आपोआप जाड होतात, आणि ताईंची तक्रारच मंद्राची आहे. दूर धरावा तर गेन इतका वाढवावा लागतो की खोली पुन्हा आत. स्टेजवर मी डोळे मिटून ५८ देईन. घरी हळुवार भावगीताला नाही.

पडघम

गोधडीने भागलं नाही तर: ५० मिलिमीटर जाडीची, ४८ घनतेची (किलो प्रति घनमीटर) ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर घ्या, इन्सुलेशनच्या दुकानात मिळते. सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या चौकटी करून घ्या, वर सुती कापड ताणा, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून लावा. ती मागची पोकळीच खालच्या सुरांना उपयोगी पडते. भरताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. आणि याने खोलीतला घुमारा जातो, बाहेरची लोकल थांबत नाही. ती थांबवायला वजनदार भिंत लागते. भाड्याच्या घरात तो नाद सोडा.

मुलतानी

सगळ्यांचे आभार! टेबल हटवलं, कपाट उघडलं, सासूबाईंची गोधडी दाराच्या पडद्याच्या रॉडवर टांगली. धैवत बऱ्यापैकी शहाणा झालाय आणि डबा गेला. आता दोनच गोष्टी. शेवटची लोकल गेली तरी मालगाड्या चालूच असतात, त्यांची धडधड खाली राहते. आणि तानपुऱ्याचं ॲप हेडफोनवर लावते, तरी रेकॉर्डिंगमध्ये मागे तानपुरा ऐकू येतो.

निवृत्त रेकॉर्डिस्ट

मालगाडीसाठी रीपरच्या इक्वलायझरमध्ये हाय-पास फिल्टर १०० हर्ट्झला लावा, तो त्याखालचं कापतो. तुम्ही मंद्र पंचमाच्या खाली जात नसाल तर तुमचा सगळ्यात खालचा सूर १५६ हर्ट्झला आहे, गळ्याचं काही जात नाही. धडधड बरीचशी जाईल. चाकांची खडखड उरली तर ती ओळ गाडी गेल्यावर पुन्हा घ्या.

तानपुरा गळतोय म्हणजे तुम्ही एक कान उघडा ठेवून गाताय, बहुतेक गाणारे तेच करतात. ठेवा, पण रीपरमधून तानपुरा पूर्णपणे झाकलेल्या कानाच्या बाजूला वळवा, म्हणजे उघड्या कानाचा हेडफोन मुका राहील. हेडफोन बंद पाठीचाच हवा. गाणं झाल्यावर तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर घाला, आणि रिव्हर्ब (सॉफ्टवेअरचा घुमारा) द्यायचा तर दोघांना मिळून एकच द्या.

गोधडी मात्र टांगण्याआधी उन्हात झटकून घ्या. गाणाऱ्याच्या पाठीमागे जुनी धूळ नको.