डॉक्टरांना आहारातलं खरंच किती कळतं? (शुगरची गोळी आणि एकादशी)

कडक_भाकरी
वडलांना शुगर निघून 6 वर्षं झाली. तीन डॉक्टर बदलले, सगळ्यांचं एकच, भात बंद, बटाटा बंद, नाश्त्याला ओट्स खावा. आमच्या घरी दोन टाइम ज्वारीची भाकरी आन शेंगाचटणी, ओट्स कुणाच्या घशाखाली उतरणार ओ? पण खरा राग त्याचा नाही. वडील माळकरी, एकादशी सोडत नाहीत. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेतली आणि दिवसभर नुसत्या बिनसाखरेच्या चहावर, संध्याकाळी घामाघूम, हात थरथरायलेत, मोजली तर शुगर 52. साखरपाणी पाजलं तेव्हा माणूस जागेवर आला. ही गोळी पोटात अन्न असो नसो इन्सुलिन सोडायला लावते, मग लिहून देताना 'उपास करता का काका' एवढं तरी विचारायचं की नाही, तेही पंढरपूरच्या जिल्ह्यात? एमबीबीएसला शिकवतात तरी काय?

इंटर्नशिप_चालू
शिकवतात की. पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत व्हिटॅमिनं, पुढं पीएसएमला (म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयात) कुपोषण, कॅलरी, लोकांच्या घरी जाऊन महिन्याला तेल किती लागतं विचारून हिशोब पण मांडतो. पण सगळं व्हायव्हापुरतं, तोंडी परीक्षेपुरतं. वॉर्डात राउंडला सर डोस विचारतात, पेशंट काय जेवला हे मला तरी कुणी विचारलं नाही. आणि ओपीडीत केसपेपरवाल्यांची लाइन जिन्यापर्यंत, एकेकाला दोन मिनिटं, त्यात बीपी बघू का भाकऱ्या मोजू? शिवाय पेशंटपण खरं बोलत नाहीत, 'पथ्य पाळतो डॉक्टर' म्हणायचं आणि घरी जाऊन साबुदाण्याची खिचडी दोन प्लेट.

थाळीतलं_गणित
मी डाएटिशियन आहे. डॉक्टरांनी 'लो फॅट डाएट' खरडण्यापेक्षा सरळ आमच्याकडं पाठवावं, आरोग्य व्यावसायिकांच्या 2021 च्या कायद्यात आमचा पेशा वेगळा धरलाय तो उगाच नाही. 100 ग्रॅम ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास फायबर, पॉलिशच्या तांदळात तीनपण नाही, म्हणजे तुमच्या वडलांना ओट्सची गरजच नव्हती. शेंगाचटणी खाऊ दे, फक्त वाटीनं नको चमच्यानं, मीठ पण बघायचं. आणि उलटं पण बघितलंय, किडनी खराब झालेल्याला 'फळं भरपूर खा' सांगितलेलं, तो बिचारा घरच्याच बागेतली डाळिंबं आणि वर शहाळं, पोटॅशियम चढून ॲडमिट.

पूर्वभागातला
ताई पाठवा म्हणणं सोपंय, फी कोण देणार? आमच्याकडं लूमवर 12 तास, बायका घरी विड्या वळतात. आणि सगळ्यांनी भाकरी-भाकरी चालवलंय, आमच्या पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरात तीन टाइम भातच असतो की, 'भात बंद' म्हणजे जेवणच बंद. आईचं हिमोग्लोबिन 8, लोहाच्या गोळ्या चार महिने खाऊन आकडा हलेना. घरी आलेल्या आशाताईनं बघितलं तर आई गोळी चहासोबत घेत होती, चहानं लोह अंगी लागत नाही म्हणे. डॉक्टर नाही, डाएटिशियन नाही, आशाताई.

कडक_भाकरी
तेच म्हणालोय बे मी! मला डाएट चार्ट नको, आहारतज्ज्ञ व्हा असं पण म्हणत नाही. पण गोळी कधी आणि कशासोबत, उपाशी राहिलं तर काय, हे औषधाचंच झालं की, ते दुसऱ्यावर कसं ढकलता? एका वाक्याचं काम आहे.

इंटर्नशिप_चालू
उपासाचं मान्य, ते विचारायलाच पाहिजे होतं. पण एक वाक्य एक वाक्य म्हणत दीडशे पेशंटला दीडशे वाक्यं होतात दादा, दुपारी दीडला ओपीडी बंद झाली की बाहेर राहिलेले लोक मलाच बोलतात.

कडक_भाकरी
मग निदान भिंतीवर पाटी तरी लावा, 'उपास असेल तर शुगरच्या गोळीचं आधी विचारा'. मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत. पाटीचा खर्च मी देतो, आषाढीच्या आधी लागली पाहिजे.